दहा म्हणजे खाजकुयली

पहिलं सांगून ठेवते, मी रडणाऱ्यातली नाही. लालबागमध्ये कोणालाही विचारा. उर्मिला परब म्हटलं की जुनी माणसं अजून ती प्रभादेवीची फायनल काढतात. शेवटची चढाई, दोन्ही बाजू बरोबरीत. समोरची पोरगी माझ्या कोपऱ्यात घुसली आणि तिच्या अंगठ्याचं नख माझ्या पोटरीला लागून गेलं. पंचांना दिसलं नाही. त्या पोरीलासुद्धा कळलं नाही, ती बिचारी रिकाम्या हाताने परत जाऊन कपाळाला हात लावून उभी. मी हात वर केला, टच आहे म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले. एका गुणाने हरलो. आमच्या पोरी माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाचे प्रशिक्षक आमच्या चाळीचे तीन जिने चढून आले आणि माझ्या वडिलांना नमस्कार करून गेले. कप गेला, नाव राहिलं.

आता अठ्ठावन्न पूर्ण केली आणि ज्या मंडळातून खेळले त्याच मंडळाच्या मुलींना मी कबड्डी शिकवते, परळच्या मैदानावर, रोज संध्याकाळी. माझ्या किती पोरी पोलिसात आणि रेल्वेत लागल्या ते मोजून सांगत नाही, दृष्ट लागते. एक तर माझी सूनच झाली. अक्षता, उजवा कोपरा. तिने माझ्या विनीतची जी पकड केली ती आजपर्यंत सुटलेली नाही. आमचे हे रिटायर होऊन गावी कलमं सांभाळतात, त्यामुळे लालबागच्या खोलीत आम्ही तिघंच.

नवीन पोरगी आली की मी तिला पहिल्या दिवशी पकड शिकवत नाही. हात वर करायला शिकवते. चढाईवाली तुला शिवून मध्यरेषेपार गेली की तू बाद. पंचाने बघितलं असो, नसो. आपणहून हात वर, आपणहून बाहेर. हल्ली बाकीचे संघ असं खेळत नाहीत, पंच सांगेपर्यंत दगडासारखे उभे राहतात. खेळोत बापडे. माझ्या पोरी असं खेळत नाहीत.

आता खाजेचं सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे.

चार वर्षांपूर्वी नडग्यांवर सुरू झाली. म्हटलं डास असतील. मग पित्त म्हटलं, आमसुलाचं पाणी प्यायले. कडुलिंबाने आंघोळ केली, खोबरेल चोळलं, शेजारणीने दिलेली कसली तरी वाटलेली पानं लावली. खाजेला काय पडलंय त्याचं. गाठी यायला लागल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या, कडक. खाजवलं की गाठ वाढते, गाठ वाढली की आणखी खाजते. पाय झाले, हात झाले, पाठ झाली. दिवसा निभतं, माणूस कामाला लागलेला असतो. रात्री आडवं झालं की अंगावर कोणीतरी चालायला लागतं. हातात विनीतचे जुने मोजे चढवून झोपायचे, आणि पहाटे बघावं तर मोजे कोपऱ्यात पडलेले आणि चादरीवर रक्ताचे ठिपके. अक्षता उठायच्या आत मी चादर भिजत घालायचे. तिला वाटायचं, सासूला धुण्याची हौस आहे.

मैदानावर मी फुल ट्रॅकपँट आणि फुल बाह्यांचं जॅकेट घालायला लागले. मे महिन्यात. पोरी विचारायच्या, ताई, गरम नाही होत? मी म्हणायचे, तुम्ही तुमचं बघा. आधी मी स्वतः चढाईला जायचे, पोरींना म्हणायचे धरा मला, आणि सात जणी माझ्या अंगावर पडायच्या. ते बंद केलं. रेषेबाहेर उभी राहून ओरडायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरकडे जात नव्हते असं नाही. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात चामडीच्या विभागात संघमित्रा म्हणून एक डॉक्टर आहे. आमच्याच पलीकडच्या चाळीतली पोर, गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करून डॉक्टर झाली. मला काकी म्हणते. ती दर वेळी एकच प्रश्न विचारायची. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे तुमच्या कल्पनेतली सगळ्यात भयंकर खाज, तर कालच्या दिवसातली जास्तीत जास्त खाज किती?

मी म्हणायचे, तीन.

झोप लागते का? लागते की. कामात अडथळा येतो? काय नाय. ती माझ्याकडे बघायची, माझ्या हातांकडे बघायची, पण माणूस तीन म्हणतोय तर ती काय करणार? तीन लिहायची आणि मलम द्यायची. मी मान ताठ ठेवून बाहेर यायचे. बाकावर बसलेली माणसं आठ, नऊ सांगून कण्हत असायची. मला मनातून वाटायचं, काय लोक आहेत, जरा सोसवत नाही.

मग दादरच्या स्पर्धेची सेमीफायनल आली. आमच्या पोरी चार गुणांनी पुढे होत्या, मग दोन, मग बरोबरी. अशा वेळी प्रशिक्षकाने टाइमआउट मागून पोरींना श्वास घेऊ द्यायचा असतो, एवढं चाळीतल्या मांजरालाही कळतं. दुर्गा, आमची कॅप्टन, माझ्याकडे बघून खुणा करत होती. ताई, मागा. आणि ताई खुर्चीत मान छातीवर टाकून झोपलेली. चार वर्षांची झोप त्या पाच मिनिटांत माझ्या मानेवर बसली. डोळे उघडले तेव्हा समोरच्या पोरी नाचत होत्या आणि आमच्या मातीत बसल्या होत्या. या खेपेला कपही गेला आणि नावही गेलं.

तेवढ्यावर भागलं नाही. झोपेत माझी बाही वर सरकली होती. मागच्या रांगेत प्रितीची आई बसली होती. प्रिती आमचा डावा कोपरा, कोवळी पोर, पण घोट्याची पकड अशी की चढाईवाली आईला हाक मारते. तिच्या आईने माझा हात बघितला आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. बाईंना खरूज आहे, हा अंगाला अंग लागण्याचा खेळ आहे, माझी मुलगी येणार नाही. तिचं ऐकून आणखी तीन घरांनी तेच सांगितलं.

मंडळाचे अध्यक्ष कमलाकांत. माणूस वाईट नाही, फक्त कोणाला दुखवायचं नसतं आणि त्यात सगळ्यांना दुखवून बसतो. मला बोलावून चहा पाजला. म्हणाला, उर्मिलाताई, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर, पण पालकांचं काय करू? थोडी विश्रांती घ्या. अंग साफ होईपर्यंत भायखळ्याचा एक प्रशिक्षक तयार आहे. पाडव्यापर्यंत बघू, नाहीतर मग त्यालाच कायम करू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मैदानावर मी परकर खोचून खेळायला लागले तिथे मला विश्रांती? मी चहा तसाच ठेवून उठले. खाली येईपर्यंत राग होता. रस्त्यावर आले तेव्हा भीती वाटली. ते मैदान गेलं तर संध्याकाळी मी कुठे जाणार होते? घरी बसून काय करणार होते, खाजवणार?

अक्षताने हाफ डे टाकला आणि मला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. मी सांगितलं, मला माझं कळतं. ती म्हणाली, दिसलंच ते दादरला. सून आहे माझी, पण आधी माझी खेळाडू आहे, त्यामुळे जीभ तिखट आहे. ती मीच दिलेली.

संघमित्राने नेहमीप्रमाणे विचारलं. मी नेहमीप्रमाणे तीन म्हटलं.

अक्षता खुर्चीतून उडालीच. तिने मग सगळं काढलं. चादरी, मोजे, पहाटे मोरीत वाजणारा नळ. मला वाटायचं हिला काही ठाऊक नाही. सगळं ठाऊक होतं, माझा मान ठेवून गप्प होती इतकंच. संघमित्रा म्हणाली, तीन सांगणाऱ्याला मी मलम देते, सातच्या पुढे असेल आणि झोप उडाली असेल तर वेगळं औषध असतं, इंजेक्शन असतं. काकी दोन वर्षं तीनच सांगतायत. मग तिने मला विचारलं, काकी, तुमच्या डोक्यात दहा म्हणजे काय आहे?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, दहा म्हणजे खाजकुयली.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कोकणातल्या रानात तिचा वेल असतो. शेंगेवर सोनेरी मखमल असते, दिसायला इतकी गोड की हात लावावासा वाटतो. तिची कुसं अंगाला लागली की धडधाकट गडी रस्त्यात लोळतो. मी नऊ वर्षांची असताना मे महिन्यात आमच्या देवगडकडच्या गावी करवंदं काढायला गेलो होतो. चुलतभावांनी पैज लावली आणि मी त्या जाळीत शिरले. वाळलेल्या शेंगा डोक्यावर झडल्या. मानेत, पाठीत, झग्याच्या आत. मी घरापर्यंत चालत आले. आजोबांनी मला अंगणात उभी करून नखशिखांत शेण थापलं आणि वाळल्यावर खरवडून काढलं. सगळी वाडी बघायला जमली होती. मी दात दाबून उभी. आजोबा सगळ्यांना सांगत होते, "पोर वाघीण आसा. एक टिपूस नाय काढल्यान." तेव्हापासून गावात मी वाघीण. तर ती दहा. मग ही, मी संघमित्राला म्हटलं, तिच्यापुढे तीनच की नाही?

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिची आजी राजापूरची, तिला खाजकुयली समजावून सांगावी लागली नाही. तिने एवढंच विचारलं की ती खाज गेली कधी?

मी म्हटलं, रात्री जेवायला बसले तेव्हा गेली होती. पोटभर जेवले आणि आजीच्या कुशीत गाढ झोपले.

"आणि ही?"

बाहेर कोणाचं तरी नाव पुकारत होते. मी माझ्या हातांकडे बघितलं. खाजकुयलीच्या रात्री मी झोपले होते. ही आल्यापासून मी तशी एकदाही झोपले नव्हते. दोन्ही खाजा मी एका तागडीत टाकत होते आणि ही किती दिवसांची पाहुणी आहे ते धरतच नव्हते. हे मला कळलं, अगदी लख्ख कळलं.

तरी मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, चार.

संघमित्राने पेन खाली ठेवलं. अक्षता माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली, मैदानात बसते तशी. लग्नानंतर ती मला आई म्हणते, पण तेव्हा तिच्या तोंडून जुनं नाव आलं.

"ताई, टच झालाय तुम्हाला. चार वर्षं झालाय. हात वर करा."

काय सांगू? माझंच शिकवणं माझ्यासमोर येऊन बसलं होतं. प्रभादेवीला नखाएवढ्या टचसाठी मी कप सोडला, आणि इथे अंगभर टच घेऊन मी मैदानात उभी होते, पंचांना दिसत नाही म्हणून. मी हात वर केला. खरंच केला. दारातली माणसं बघायला लागली.

"नऊ," मी म्हटलं. "दहा खाजकुयलीलाच राहू दे."

आणि मी रडले. सुरुवातीला काय सांगितलं ते माझ्या लक्षात आहे. रडले, झालं. अक्षता माझे हात धरून होती, गाठींसकट, आणि संघमित्रा दुसरीकडे बघत होती. पोर शहाणी आहे.

मग तिने पुन्हा सगळे प्रश्न विचारले आणि मी खरी उत्तरं दिली. झोप नाही. हळदीकुंकवाला जात नाही, हात पुढे करावा लागतो. नातेवाइकांच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसते. दुपारी भाजी चिरताना डोळा लागतो, एकदा बोट कापलं. पोरींना धरू देत नाही. तिने सगळं लिहून घेतलं. ही खरूज नाही, लागत नाही, तुमच्या कातडीतल्या नसा खोटा गलका करतायत, असं तिने समजावलं. मग इंजेक्शनं सुरू झाली.

दुखणं येतं हत्तीच्या पायांनी आणि जातं मुंगीच्या पायांनी. दर रविवारी चहा देताना अक्षता विचारायची, स्कोर? पहिल्या रविवारी नऊ. मग आठ. मग बरेच दिवस सातावरच अडलं, मला वाटलं संपलं, आता इथेच राहणार. मग सहा. एका सकाळी अक्षता मला गदागदा हलवत होती. मी उठत नव्हते म्हणून ती घाबरली होती. मी झोपले होते हो, नुसती झोपले होते. त्या रविवारी पाच सांगितलं तेव्हा विनीत खाली जाऊन जिलबी घेऊन आला.

पण डाग काही जात नव्हते. हातापायांवर काळे वण, मध्ये मध्ये गाठी. पाडवा जवळ आला होता. कमलाकांतने डॉक्टरांचं सर्टिफिकेट वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, ताई, मला पटलं, पण लोक कागद बघत नाहीत, अंग बघतात. मी म्हटलं, मग अंगच दाखवते, बोलवा सगळ्यांना.

रविवारी सकाळी पालक आले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. प्रितीची आई पर्स मांडीवर घेऊन डाव्या अंगाला रेषेजवळ बसली. तिने प्रितीला पाठवलं होतं ते भायखळ्याच्या प्रशिक्षकाच्या नावावर, हे मला माहीत होतं. मी मैदानाच्या मधे गेले आणि जॅकेट काढलं. मग ट्रॅकपँट काढली. खाली आमची जुनी हाफ पँट होती. चार वर्षांनी माझ्या नडग्यांना ऊन लागलं. मला नागडं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? कोणीतरी चुकचुकलं. मी सांगितलं की ही खाज आहे, दहापैकी नऊ होती, आता पाच आहे, ही कोणाला लागत नाही, ज्यांना आपली मुलगी न्यायची आहे त्यांनी आत्ता न्यावी, मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं मात्र खोटं होतं.

कोणी उठलं नाही. मी दुर्गाच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि तिला पंच केलं. बाकीच्यांना म्हटलं, सात जणी आत व्हा, मी चढाईला येते.

कबड्डी कबड्डी करत मी रेषा ओलांडली. गुडघा करकरला. दम पूर्वीचा नाही, पण पाय विसरत नाहीत. उजवीकडे झुकांडी दिली, मधल्या दोघी फुटल्या, आणि मी डाव्या कोपऱ्यावर गेले. मुद्दाम गेले. घोटा प्रितीसमोर टाकला, सगळ्यात काळा वण असलेला. धर म्हटलं मनात. धर माझे बाई. तिचे डोळे माझ्या घोट्यावर होते, हात पुढे आले, आणि ती मागे सरकली. मी तोल सावरताना हात फिरवला आणि उलटी फिरून मध्यरेषेपार आले.

मला कोणी धरलं नव्हतं. सात जणींच्या घोळक्यात जाऊन मी कोरडी परत आले होते. आईने सांगितलं असणार, शिवू नकोस. पोरीची काय चूक? दुर्गाने रिकामी चढाई म्हणून शिट्टी वाजवली. कमलाकांत घड्याळ बघायला लागला. मी वाकून ट्रॅकपँट उचलायला गेले.

"ताई, टच."

मी वळून बघितलं. प्रितीचा हात वर होता.

"खांद्याला बोट लागलं तुमचं. मी बाद."

दुर्गाने बघितलं नव्हतं. पालकांनी बघितलं नव्हतं. माझं बोट माझं मलाच कळलं नव्हतं. ती पोर एक शब्द बोलली नसती तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि तिच्या आईला तर तेच हवं होतं. ती हात वर ठेवूनच चालत बाहेर गेली आणि नियमाप्रमाणे रेषेबाहेर जाऊन उभी राहिली, बरोबर तिच्या आईच्या खुर्चीशेजारी. फ्रॉकातल्या पोरीसारखी नाही, खेळाडूसारखी, मान ताठ.

त्या प्रभादेवीच्या फायनलनंतर माझे वडील दोन दिवस कोणाशी न बोलता नुसते गॅलरीत फेऱ्या मारत होते. मला वाटायचं रागावले. त्या सकाळी कळलं, माणसाला अभिमान वाटला की तो तेवढ्याशा अंगात मावत नाही. माझी छाती इतकी भरून आली की पुढचा दम घेता येईना. डोळ्यांत आलेलं मी कोपराने पुसलं, सगळ्यांसमोर.

प्रितीच्या आईने लेकीकडे बघितलं, तिच्या खांद्याकडे बघितलं. मी ज्या जागी शिवले होते तिथे तिने हात ठेवला. पुसला नाही, नुसता ठेवला. मग पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि मला विचारलं, उद्यापासून हिला किती वाजता पाठवू?

मी म्हटलं, रोजच्या वेळेला. मग ट्रॅकपँट कमलाकांतच्या हातात दिली आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिले, कारण अजून सहा जणी आत होत्या.